रायफलीची पेटी, २३ किलो आणि जोहान्सबर्ग

शिकारीच्या बंदुकीबद्दल विमान कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं की ती नेहमीच्या चेक-इन बॅगेत धरली जाईल. ते वाचून माणूस निर्धास्त होतो आणि मग काउंटरवर क्रेडिट कार्ड दोन-तीनदा बाहेर काढावं लागतं. अमेरिकेतून दक्षिण आफ्रिकेत रायफल नेताना पैसे जातात ते पेटीच्या वजनापायी, काडतुसांच्या डब्यापायी आणि तिकिटावर किती कंपन्या आहेत त्यापायी. बंदुकीचं म्हणून जे वेगळं शुल्क असतं, ते त्यामानाने किरकोळ.

आधी आपल्या लोकांपुरती एक गोष्ट. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, त्यामुळे हा सगळा प्रकार अमेरिकेत स्थायिक झालेल्यांचा. एच-वन-बी किंवा तशाच नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगायला अमेरिकेचा संघीय कायदा मनाई करतो. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणजे टेक्सासात हरणाच्या मोसमात तुमची रायफल कायदेशीर ठरू शकते. पण देशाबाहेर जाताना वैयक्तिक सामानातून तीन बंदुका आणि हजार काडतुसांपर्यंत नेण्याची निर्यात-नियमांतली सवलत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना आहे. इथल्या दुकानातून रायफल घेतलेल्या एच-वन-बीवाल्याला ती नाही. त्यांनी सरळ आउटफिटरकडून, म्हणजे तिथे शिकारीची सोय करणाऱ्या व्यावसायिकाकडून, कॅम्पवरची रायफल भाड्याने घ्यावी. ग्रीन कार्ड असून पासपोर्ट भारतीय असेल तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिकी पासपोर्टवर ९० दिवसांपर्यंत तो लागत नाही. व्हिसा हातात येईपर्यंत रायफलीच्या कागदांना हात लावण्यात अर्थ नाही.

तिकीट काढतानाच निम्मा खर्च ठरतो. अटलांटाहून डेल्टाचं आणि नेवार्कहून युनायटेडचं विमान थेट जोहान्सबर्गला जातं, मध्ये तिसऱ्या देशाची जमीन लागत नाही. हे तिकीट युरोपमार्गे जाणाऱ्यापेक्षा दोन-चारशे डॉलरनी महाग दिसलं तरी घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. अ‍ॅमस्टरडॅममार्गे गेलात तर पेटी तुमच्या हाती न येता एका विमानातून दुसऱ्यात गेली तरी डच कस्टमची संमती आधी लागते. तिचं काम ग्रोनिंगेनच्या कार्यालयातून चालतं. युरोपातल्या आणि आखातातल्या बऱ्याच कंपन्या ४८ ते ७२ तास आधी सूचना मागतात आणि मंजुरीचं उत्तर हातात नसेल तर काउंटरवरून परत पाठवतात. तिकिटात वाचलेले पैसे अशा एका नकारात बुडतात.

अमेरिकेतून सुरू होणाऱ्या किंवा अमेरिकेत संपणाऱ्या प्रवासाला, तिकीट एकच असेल तर, पहिल्या कंपनीचे बॅगेचे दर शेवटपर्यंत लागू होतात. हा अमेरिकेच्या परिवहन खात्याचा २०१२ पासूनचा नियम. पण तो फक्त दराचा. बंदूक घ्यायची की नाही हे प्रत्यक्ष विमान उडवणारी कंपनी ठरवते, आणि कोडशेअरच्या तिकिटावर लोक इथेच फसतात: नाव एका कंपनीचं, विमान दुसरीचं, नियम तिसरेच. जोहान्सबर्गच्या पुढचं देशांतर्गत तिकीट वेगळं काढलंत तर पहिल्या दराचा फायदा तिथेच तुटतो. पुढच्या विमानात बॅगेची मर्यादा अनेकदा २० किलोच असते आणि बंदुकीचं हाताळणी-शुल्क रँडमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, वेगळं घेतलं जातं, तेही जाताना आणि येताना.

तिकीट झालं की फोन करून बुकिंगमध्ये नोंद करून घ्यायची: रायफली किती, काडतुसं ५ किलोच्या आत, दोन्ही चेक-इन सामानात. तोंडी ‘ओके’वर थांबू नये, नोंद ई-मेलने मागवून तिची छापील प्रत जवळ ठेवावी. फोनवरची व्यक्ती कधीकधी ‘आम्ही आफ्रिकेत शिकारीचं काही नेत नाही’ असं ठणकावून सांगते. ती ट्रॉफीबद्दल, म्हणजे मारलेल्या जनावराच्या डोक्या-कातड्याबद्दल, बोलत असते. ऑगस्ट २०१५ मध्ये, झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह शिकारीत मारला गेल्यानंतर, डेल्टा आणि इतर काही कंपन्यांनी सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि म्हैस यांच्या ट्रॉफी नेणं बंद केलं. बंदुका त्या बंदीत नव्हत्या. शांतपणे ‘शूटिंग इक्विपमेंट’ हे शब्द वापरून पुन्हा विचारावं.

आता कागद. अमेरिकी कस्टमचा फॉर्म ४४५७ हा या सगळ्या प्रवासाचा कणा आहे. अमेरिकेत रायफलीसारख्या लांब बंदुकीला बहुतेक ठिकाणी परवाना नसतो, त्यामुळे ‘ही माझी आहे’ हे दाखवायला दुसरा सरकारी कागदच नाही. दक्षिण आफ्रिकेचे पोलीस हाच फॉर्म मालकीचा पुरावा म्हणून स्वीकारतात. तो घरी भरून चालत नाही. रायफल घेऊन कस्टमच्या कार्यालयात जावं लागतं, तिथला अधिकारी रायफलीवर कोरलेला नंबर डोळ्यांनी पाहतो आणि सही-शिक्का देतो. हे काम उड्डाणाच्या दिवशी करू नये. आधी फोन करावा, वेळ ठरवावी, रायफल रिकामी करून पेटीला कुलूप लावावं आणि पेटी कुठून आत आणायची ते विचारून घ्यावं. विमानतळाच्या इमारतीत बंदुकीची पेटी घेऊन दार शोधत फिरणं बरं दिसत नाही.

या फॉर्मवर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक मुदतीची तारीख छापलेली असते. ती छापील नमुन्याची मुदत आहे, तुमच्या नोंदणीची नाही. अमेरिकी कस्टमच्या दृष्टीने फॉर्म वाचता येतोय तोवर चालतो. पण जोहान्सबर्गच्या खिडकीवर ती तारीख पाहिली जाते आणि उलटून गेलेली असेल तर वाद सुरू होतो. म्हणून जुना फॉर्म असला तरी नवा नमुना उतरवून त्यावर पुन्हा सही घ्यावी. बंदुकीच्या ओळीत कंपनी, मॉडेल, कॅलिबर आणि नंबर असावा. कॅमेरा-लॅपटॉप त्याच कागदावर कोंबू नयेत. उरलेल्या रिकाम्या ओळींवर अधिकाऱ्याकडून तिरकी रेघ मारून घ्यावी.

नंबर स्वतः उतरवून घ्यावा, खरेदीच्या पावतीवरून नको. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. नंबराच्या आधी एखादं अक्षर असतं, ते गाळलं जातं. काही रायफलींवर स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) माउंटखाली नंबराचा एखादा आकडा झाकला जातो. तो दिसत नसेल तर माउंट घरीच सैल करून सरकवावा, नाहीतर पोलिसांच्या खोलीत पेचकस शोधायची वेळ येते आणि मग स्कोपचं झिरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, गेलं.

मराठी नावांचा घोळ इथेही आडवा येतो. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते नसतं, तिकिटावर दोन्ही शब्द चिकटून एकच झालेले असतात. फॉर्म ४४५७, तिकीट, आउटफिटरचं निमंत्रणपत्र आणि दक्षिण आफ्रिकेच्या बंदूक-परवान्याचा अर्ज या चारही ठिकाणी नाव अक्षरशः पासपोर्टवरच्यासारखं हवं. आउटफिटर मित्रत्वाने टोपणनावाने पत्र लिहितात. ते पत्र परत पाठवून दुरुस्त करून घ्यावं.

दक्षिण आफ्रिकेचा अर्ज म्हणजे तिथल्या पोलिसांचा एसएपीएस ५२० हा फॉर्म. काळ्या शाईने भरायचा, पण सही करायची नाही. ती तिथल्या पोलीस अधिकाऱ्यासमोरच करायची असते. घरून सही करून नेलेला अर्ज पुन्हा लिहावा लागतो, आणि ते काम १५ तासांच्या प्रवासानंतर कोणालाच नको वाटतं. सोबत पासपोर्टची प्रत, परतीचं तिकीट, निमंत्रणपत्र आणि फॉर्म ४४५७. प्रत्येकाच्या दोन प्रती ठेवाव्यात. वय २१ पूर्ण हवं. सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक गोळीनंतर आपोआप भरली जाणारी) रायफल घरीच ठेवावी. एकापेक्षा जास्त रायफली असतील तर कॅलिबर वेगवेगळी असावीत आणि कोणती कशासाठी हे सांगणारं छोटं पत्र जोडावं. थर्मल किंवा नाइट व्हिजन स्कोप नेऊ नये; त्याचे अमेरिकी निर्यात-नियम वेगळे आहेत आणि बंदुकीची सवलत त्याला लागू होत नाही.

आता खऱ्या खर्चाकडे, म्हणजे वजनकाट्याकडे. इकॉनॉमीत एका बॅगेला २३ किलो. त्यापुढे ३२ किलोपर्यंत अमेरिकी कंपन्या साधारण १०० डॉलरच्या घरात जादा घेतात, आणि ३२ किलोच्या वर एकतर दुप्पट किंवा नकार. दोन रायफली बसतात अशी जाड प्लॅस्टिकची लांब पेटी, पेलिकन १७५० च्या मापाची, फोमसह १२ किलोच्या पुढे जाते. स्कोप लावलेली रायफल ४ ते साडेचार किलो. दोन ठेवल्या की २१ झाले. उरलेल्या दोन किलोंत सफाईचं किट, पट्टे आणि कुलपं. लोक पेटीत जागा दिसते म्हणून बूट आणि जॅकेट दाबतात आणि २६ किलोवर अडकतात. एकच रायफल असेल तर ७-८ किलोची अ‍ॅल्युमिनियमची पेटी घ्यावी. मग त्याच बॅगेत कपडे घालूनही २३ च्या आत राहता येतं आणि जादा वजनाचे पैसे वाचतात. ट्रीपमागे पेटीचा निम्मा खर्च असाच निघतो. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांत अर्धा किलो फरक धरावा.

वजनाइतकंच माप. नेहमीच्या बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. वर सांगितलेली पेटी ५३ बाय १६ बाय ६ इंच, म्हणजे बेरीज ७५ इंच, जवळजवळ १९० सेंटिमीटर. बहुतेक कंपन्या खेळाचं सामान म्हणून जादा मापाचं शुल्क माफ करतात, पण काउंटरवरच्या माणसाने संगणकात ते नेहमीची बॅग म्हणून टाकलं तर शुल्क आपोआप लागतं. ई-मेलची छापील प्रत इथे कामी येते. पैसे भरल्यावर परत मागणं वेगळंच काम आहे. आधीच नोंद बदलायला लावावी.

काडतुसांचा नियम जगभर सारखा आहे: माणशी ५ किलो, डब्यासकट वजन, आणि दोन माणसांचे मिळून दहा किलो एकाच डब्यात चालत नाहीत. दक्षिण आफ्रिका बंदुकीमागे २०० काडतुसं येऊ देते, पण तिथवर पोचायच्या आधी ५ किलो संपतात. थर्टी-ऑट-सिक्स कॅलिबरचं, १८० ग्रेनच्या गोळीचं काडतूस सुमारे २८ ग्रॅमचं (ग्रेन हे फक्त गोळीचं वजन मोजायचं एकक). २० चा खोका ६०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आठ खोके, १६० काडतुसं. थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह कॅलिबरचं, ३०० ग्रेनच्या गोळीचं काडतूस ४० ग्रॅमच्या पुढे असतं. पाच खोक्यांत १०० झाली की थांबायचं, सहावा खोका मर्यादा ओलांडतो. आठवड्याच्या शिकारीला ४० ते ६० पुरतात, तीही झिरो तपासायला लागणारी धरून. जास्त नेण्यात पैसे आणि डोकेदुखी दोन्ही.

अमेरिकेत काडतुसं बंदुकीच्याच पेटीत ठेवायला परवानगी आहे. या प्रवासात तसं करू नये. कंपनीच्या मूळ खोक्यांत, छोट्या कुलूपबंद कडक डब्यात, तो डबा कपड्यांच्या चेक-इन बॅगेत. सुटी काडतुसं किंवा भरलेलं मॅगझिन नको. काही ठिकाणी काडतुसांचा डबा वेगळी बॅग म्हणून द्या असं सांगतात आणि तिसऱ्या नगाचे पैसे घेतात. डबा बॅगेत आधीच बसवलेला असेल तर हा प्रश्न सहसा निघत नाही. रायफलीच्या कॅलिबरचीच काडतुसं असावीत. मागच्या मोसमातलं दुसऱ्या कॅलिबरचं एखादं काडतूस जॅकेटच्या खिशात राहून जातं, ते सुरक्षा तपासणीत निघालं की विमान गेलंच समजा. निघायच्या आदल्या रात्री सगळे खिसे उलटे करावेत.

काउंटरवर ऑनलाइन चेक-इनचा उपयोग नाही. माणसासमोर जाऊन जाहीर करावं लागतं. तीन तास आधी पोचावं. पहिलं वाक्य काय बोलता याला महत्त्व आहे. ‘आय हॅव अ गन’ असं कधीही म्हणू नये. ‘चेक-इन सामानात एक रिकामी रायफल जाहीर करायची आहे’ असं सरळ सांगावं. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा दांडा, काढून पेटीतच ठेवलेला असावा, म्हणजे चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं आहे हे एका नजरेत कळतं. एजंट एक रंगीत कार्ड देतो, त्यावर सही करून ते पेटीच्या आत ठेवायचं. पेटीच्या बाहेर ‘फायरआर्म’ असं काहीही चिकटवायला सांगणं संघीय कायद्याने मना आहे. नवखा एजंट बाहेर चिकटवू लागला तर नम्रपणे आत ठेवायला सांगावं. मग पेटी टीएसएच्या, म्हणजे विमानतळांवरच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या, तपासणीला जाते. निरोप येईपर्यंत जवळच थांबावं, कारण उघडायची असेल तर किल्ली तुमच्याकडेच हवी. पेटीला जितकी भोकं तितकी कुलपं लावावीत. एका टोकाचं कुलूप राहिलं की ते टोक हाताने उचकटून फट पडते आणि पेटी नापास होते. फोमखाली एक एअरटॅग (पेटी कुठे आहे ते फोनवर दाखवणारी चकती) ठेवावा.

विम्याबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय प्रवासात हरवलेल्या सामानाची भरपाई माँट्रियल करारानुसार माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर, तीही सगळ्या बॅगा मिळून. बरी रायफल आणि बरा स्कोप एवढ्यात येत नाही. जादा किंमत जाहीर करून जादा पैसे भरायची सोय करारात आहे, पण घरच्या विम्यात बंदुकीची वेगळी नोंद करणं सहसा स्वस्त पडतं. नुकसान दिसलं तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा मिळालं तर २१ दिवसांत.

जोहान्सबर्गला पेटी पट्ट्यावर येत नाही. बाकीची बॅग घ्यायची, कस्टममध्ये बंदूक जाहीर करायची आणि पोलिसांच्या बंदूक-कार्यालयात जायचं. पेटी तिथे आणलेली असते. अधिकारी पेटी उघडायला सांगतो, टॉर्च मारून नंबर वाचतो, फॉर्म ४४५७ वर बोट ठेवून एकेक आकडा जुळवतो, मग काडतुसं मोजतो. त्याच्यासमोर सही झाली की परवाना मिळतो. त्याला शुल्क नाही. वाटेत कोणी ‘मी करून देतो’ म्हणत पुढे आला तर त्याच्या हाती कागद देऊ नये. आउटफिटरने ठरवलेली, आगाऊ अर्ज करणारी सेवा वेगळी. ती पैसे घेते आणि रांग वाचवते. पहिल्या खेपेला ते पैसे वाया जात नाहीत. एकाच विमानातून पंधरा-वीस शिकारी उतरले तर रांगेत तास-दीड तास जातो, म्हणून पुढचं विमान चार तासांच्या आत धरू नये. पेटी आलीच नाही तर परवानाही होत नाही, कारण बंदूक आणि मालक दोघंही समोर हवेत. पहिली रात्र विमानतळाजवळच्या केम्प्टन पार्कमध्येच, तिजोरी असलेल्या गेस्टहाउसात काढली तर हा धोका झेपतो.

पुढे छोट्या चार्टर विमानाने कॅम्पवर जायचं असेल तर कडक लांब पेटी आत बसत नाही आणि माणशी वजन १५-२० किलोच मिळतं. म्हणून निघतानाच पेटीच्या तळाशी कापडी गवसणी घडी करून ठेवावी. पेटी जोहान्सबर्गलाच ठेवायची, रायफल गवसणीतून न्यायची.

परतीला परवाना आणि वापरलेली-उरलेली काडतुसं यांचा हिशेब जुळला पाहिजे. अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या विमानतळावर सगळं सामान हाती येतं. फॉर्म ४४५७ दाखवला की वेगळा आयात परवाना लागत नाही. पण पुढच्या विमानासाठी बाकीच्या बॅगांसारखी पेटी तिथल्या पट्ट्यावर टाकून द्यायची नाही; पुन्हा काउंटर, पुन्हा जाहीर करणं, पुन्हा रंगीत कार्ड.

नेवार्कमार्गे येणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. १९८६ चा संघीय कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक नेणाऱ्या प्रवाशाला संरक्षण देतो, पण २००५ मध्ये युटाचा एक प्रवासी पुढचं विमान चुकल्यामुळे बंदुकीची बॅग घेऊन नेवार्कच्या हॉटेलात राहिला आणि दुसऱ्या दिवशी चेक-इन करताना अटक झाला. २०१० मध्ये अपील न्यायालयानेही त्याचा दावा मानला नाही: रात्रभर बंदूक त्याच्या हाताशी होती, म्हणून ते संरक्षण त्याला नाही. रात्री विमान रद्द झालं तर रायफलीची पेटी ताब्यात घेऊ नका. कंपनीला ती सकाळपर्यंत ठेवून घ्यायला सांगा, आणि टूथब्रश तेवढा हातातल्या बॅगेत असू द्या.